आण्णांचा जार

आमच्या जीपमध्ये चौथा प्रवासी होता तो वीस लिटरचा निळा पाण्याचा जार. त्याला माझ्या शेजारी सुती दोरीने बांधलं होतं आणि अणुस्कुरा घाटाच्या प्रत्येक वळणावर तो माझ्या बरगड्यांत घुसत होता. पुढे स्टिअरिंगवर माझा नवरा वीरधवल आणि त्यांच्या शेजारी माझे सासरे, सुभेदार दादासो, रिटायर्ड. घरात त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णा घाटभर एकदाही मागे टेकले नाहीत.

निघालो होतो मालवणला, चार दिवस फिरायला. वाट थोडी वाकडी करून तांबळखाडीला अर्धा तास थांबायचं ठरलं होतं, कारण तिथे माझी नणंद दीपमाला राहते. ही तांबळखाडी राजापूरच्या खाली अगदी समुद्राला लागून आहे. एक शाळा, एक दुकान, एक देऊळ आणि चाळीसेक घरं. मोबाईलला रेंज हवी असेल तर देवळाच्या पायरीवर उभं राहावं लागतं. दीपमालाला तिथल्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली, तिथल्याच सुदेशशी तिने लग्न केलं, आणि आम्ही शिराळ्याची माणसं घाटाखाली सोयरीक करून बसलो.

आता जारचं सांगते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. पूर्वी सगळेच पाळायचे, आता बहुतेकांनी सोडलंय. माझ्या वडिलांनी पाळलं होतं. दोन वर्षं ते आमच्या उंबऱ्याबाहेर बसून पान खाऊन परत जायचे. माझा मुलगा मल्हार झाला तेव्हा त्यांना माझ्या हातचा पहिला चहा मिळाला. गडबडीत मी साखर घालायची विसरले होते. ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि "झकास" म्हणाले.

आण्णांनी ही रीत नुसती पाळली नाही, वाढवली. तांबळखाडीतलं दुकान जावयाचं, शेजारची घरं जावयाच्या भावकीची, म्हणजे सगळी वाडीच लेकीची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शिराळ्याहून जार. सहा वर्षांत ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा लेकीच्या अंगणाबाहेर कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून स्वतःचं पाणी पिऊन आणि स्वतःची भाकरी खाऊन गेले.

दीपमालाला मूल होणार नव्हतं. हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. माझं शिराळ्यात पिको-फॉलचं दुकान आहे. बायका साडी टेकवतात आणि बोलायला लागतात, त्यामुळे गुपितं पोटात ठेवायची मला सवय आहे. पण हे गुपित फोनवरून आलं होतं आणि खाली काही बसत नव्हतं. "वहिनी, आण्णांना मीच सांगंन," ती म्हणाली होती आणि तिने सांगितलं नव्हतं. म्हणजे आण्णा मरेपर्यंत जार घेऊन येणार आणि दीपमाला मरेपर्यंत दारात उभी राहून ते बघणार. मला याचा भयंकर राग यायचा. कुणावर काढावा ते ठरत नव्हतं, म्हणून मी तो जारवर काढत होते.

पोचलो साडेआठला. दीपमालाच्या घराकडे जाणारा रस्ता नळयोजनेसाठी खोदून ठेवला होता. सुदेशने वीरधवलांना आधीच बजावलं होतं की गाडी शाळेच्या मैदानात लावा. शाळेचं मैदान उतारावर होतं. आण्णांनी ते पाहिलं आणि मान हलवली. मग त्यांना किनारा दिसला.

किनारा खरंच देखणा होता. सपाट, घट्ट, ओला, कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या पटांगणासारखा. एकही गाडी नाही. एवढी चांगली जागा रिकामी का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

"खाली घे," आण्णा म्हणाले.

"आण्णा, समुद्र हाय."

"हाय की. त्यो तिकडं हाय. तीन वर्सं जैसलमेरला वाळूत गाड्या लावल्यात मी. मला वाळू शिकवतोस व्हय रं?"

वीरधवलांनी गाडी खाली घेतली. आण्णा उतरले आणि समुद्रापर्यंत पावलं मोजून आले. एकशे चाळीस भरली. त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला. वीरधवलांनी जारची दोरी सोडली, आण्णा भांडंभर पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि आम्ही निघालो.

आम्ही नदी बघितलेली माणसं. वारणा वाढायची असली तर आधी चांदोली धरणातून पाणी सोडतात, भोंगा वाजतो, तलाठी फोन करतो, दवंडी होते, मग दोन दिवसांनी पाणी येतं. समुद्राला तलाठी नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दीपमाला अंगणात उभीच होती. ती आण्णांच्या पाया पडली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि गडग्यावर जाऊन बसले.

"पाणी आणू?" तिने विचारलं.

"आत्ताच पिऊन आलोय."

हे दोघं दर वेळी एवढंच बोलतात. शाळेत शुद्ध मराठी शिकवणारी दीपमाला बापापुढे आली की शिराळ्याची होते, पण तिचं बोलणं या दोन वाक्यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले, कारण तिने घावणे केले होते. मी सहा खाल्ले. वीरधवलांनी किती खाल्ले ते मी मोजलं नाही. आण्णा बाहेर उन्हात बसून रस्त्याचं खोदकाम बघत होते आणि कामावरच्या माणसांना पाइप कसा टाकायचा ते सांगत होते. तिकडची हवा अशी की नुसतं बसलं तरी शर्ट पिळून निघतो. साडेदहाला ते उठले आणि पाणी प्यायला जीपकडे गेले.

पाच मिनिटांत परत आले. दारात उभे राहिले. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"वीरधवल, गाडीकडं समुद्र आलाय."

आम्ही पोचलो तेव्हा एकशे चाळीस पावलं संपली होती. जीप बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. चाकाचा दगड कुठे दिसत नव्हता. वाडीतली पंधरावीस माणसं सुरूच्या झाडांखाली सावलीत बसली होती. त्यांना घाई नव्हती. सुदेशने कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं.

"आज अमावास्या ना," तो म्हणाला. "उधाण असतं."

मी आदल्या दिवशी म्हटलं होतं की उद्या अवस आहे, परवा निघू. आण्णा म्हणाले होते, फौजी माणूस अवस-पुनव मानत नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, आताही बोलले नाही. जार मानणाऱ्या माणसाशी अवसेवरून काय भांडायचं!

"घाबरू नका," सुदेश म्हणाला. "दर मे महिन्यात एक तरी गाडी अशी अडकते. गेल्या वर्षीची अगदी नवी होती, तिचे दरवाजेच उघडेनात. तुमची जुनी आहे, हिला काय होतंय. तीन वाजता पाणी उतरलं की ट्रॅक्टर लावू."

तेवढ्यात एक मोठी लाट जीपच्या मागच्या कापडी पडद्यातून आत गेली आणि परत निघताना जार घेऊन बाहेर आली. निळा, बूच घट्ट लावलेला. तो पाण्यावर एकदा कलंडला, सरळ झाला आणि हळूहळू खाडीच्या तोंडाकडे निघाला. वाडीतली माणसं उठून उभी राहिली. "त्यात काय आहे?" एका म्हातारीने विचारलं. "पाणी," मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

सुदेशने शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि तो होडीकडे पळत गेला.

आम्ही घरी परतलो. आण्णा पुन्हा गडग्यावर. दुपारचे बारा. भाकरी आणि चटणीचं गाठोडंही जीपमध्येच होतं. दीपमालाने तांब्याभांडं आणून त्यांच्याशेजारी ठेवलं. "राहू दे," आण्णा म्हणाले. तिने ते आत नेलं. वीस मिनिटांनी परत आणलं. "राहू दे." तिने परत आत नेलं. आण्णा एकाहत्तर वर्षांचे. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि ते जिभेने ओले करायचे, कुणी बघत नाही असं समजून.

वीरधवल म्हणाले, "आण्णा, शहाळं घ्या. झाडाचं पाणी हाय, घरचं न्हाई."

आण्णांनी विचार केला. "झाड कुणाचं?"

"आमचंच," दीपमाला म्हणाली.

"मग कसं हुईल?"

दीपमाला तिसऱ्यांदा तांब्या घेऊन आली. या वेळी तिने तो खाली ठेवला नाही, हातातच धरला.

"आण्णा, मला मूल हुणार न्हाई."

कामावरच्या माणसांचं कुदळ मारणं तेवढं ऐकू येत होतं.

"दोन डॉक्टरांनी सांगितलंय. पुण्याला बी जाऊन आलो. आमी दोघांनी ते मान्य केलंय, आमचं बरं चाललंय. पर तुमी हितं भाईर बसता, ते मला सोसत न्हाई. पाणी न्हाई प्यायचं तर नका पिऊ. मग जार घिऊन येऊ बी नका."

वीरधवलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक दुमडत बसले. आण्णा खाली बघत होते.

"किती दिस झालं कळून?"

"अडीच वर्सं."

"राजेश्वरीला ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणाले. दीड वर्ष तोंड बंद ठेवून वाचा फुटली ती एवढीच.

आण्णा उठले. चपला घातल्या. टोपी सारखी केली आणि खोदलेल्या रस्त्याच्या कडेकडेने समुद्राकडे चालायला लागले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दीपमाला तांब्या धरून तशीच उभी. मला वाटलं, गेले. आता हा माणूस तीन वाजता ट्रॅक्टरच्या मागे बसून मुख्य रस्त्याला लागणार, तिथून एसटीने शिराळ्याला जाणार आणि पुन्हा घाट उतरणार नाही. मला दीपमालाचाही राग आला, की सांगायचं होतं तर उपाशी, तहानलेल्या म्हाताऱ्याला सांगायचं होतं का? आणि माझा तर आलाच.

एवढ्यात सुदेश आला, आपादमस्तक भिजलेला, खांद्यावर जार. खाडीच्या तोंडाशी गाठला होता त्याने. पाणी जसंच्या तसं, एक थेंब सांडलेला नाही. त्याने तो पडवीच्या पायरीवर ठेवला आणि विचारलं, "आण्णा कुठायत?" दीपमालाने कोरडं फडकं आणलं आणि जार पुसून काढला. पुसायची काहीच गरज नव्हती.

आम्ही छत्री घेऊन मागोमाग गेलो. पाणी उतरायला लागलं होतं. जीपची चाकं अजून बुडलेलीच होती आणि आण्णा धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात तिच्या दिशेने चालले होते. लाट आली की थांबायचे, गेली की दोन पावलं पुढे.

"आण्णा, माघारी फिरा!" वीरधवल ओरडले. "जार घावलाय! सुदेशनं आणलाय!"

आण्णांनी हात वर केला. ऐकलं, असा. आणि तसेच पुढे गेले. जीपमध्ये वाकले, मागच्या सीटखालची लोखंडी पेटी उघडली आणि खाकी कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन परत आले. मला वाटलं भाकरी आहे. पाण्यातून येताना त्यांनी ते डोक्यावर धरलं होतं. वाटेत आम्हाला ओलांडून ते थेट घराकडे गेले.

दीपमाला पडवीत होती. "तुमचं पाणी आलंय, आण्णा," ती म्हणाली आणि जारकडे बोट दाखवलं.

आण्णा जारपाशी थांबले. मग त्याला वळसा घालून पडवीच्या तीन पायऱ्या चढले. सहा वर्षांत पहिल्यांदा. वर भिंतीला टेकून बसले, मांडीवर खाकी कापड सोडलं. आत तांब्याचा तांब्या होता, चांगला जड, कड वळवलेली. आमच्या घरची रीत अशी की लेकीला मूल झालं की आजोबा नाव घातलेला तांब्या घेऊन जातात, त्यातून त्या घरचं पहिलं पाणी पितात आणि तांब्या नातवंडाला ठेवून येतात. मल्हारचा माझ्या वडिलांनी आणलेला तांब्या देव्हाऱ्याखाली आहे. हा तांब्या मी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता.

"हिरीचं पाणी भरून आण," आण्णा म्हणाले.

दीपमालाने तांब्या हातात घेतला आणि फिरवून वाचला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. 'चि.' आणि पुढे मोकळी जागा. खाली, 'यांस आजोबा सुभेदार दादासो यांचेकडून'.

"ह्यो कवा केला?"

"तुझ्या लग्नाच्याच आठवड्यात. कासार म्हणला, नाव काय घालू? म्हटलं, जागा सोड. तवापास्नं गाडीतच हाय. येताना असावा जवळ, म्हणून."

तिने तांब्या पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "आण्णा, ह्यो बाळासाठी हाय. बाळ न्हाई व्हायचं. आत्ताच सांगितलं न्हवं तुमास्नी?"

"ऐकलं की. भैरा न्हाई मी."

"मग?"

"रीत काय हाय? मूल झाल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई." आण्णांनी घसा साफ केला. तो कोरडाच होता. "मला झालंय की. तेहतीस वर्सं झाली. आता पिऊ द्येतीस का न्हाई?"

मला रडू फुटलं. उगाच लपवत नाही. वीरधवल अंगणातल्या माडाकडे तोंड करून उभे राहिले आणि माडाला किती नारळ लागलेत ते मोठ्याने मोजायला लागले. दीपमाला रडली नाही. ती घाईने विहिरीवर गेली, इतक्या घाईने की पोहरा दोनदा रिकामाच वर आला. पाणी आणून तिने तांब्या बापाच्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसली, शाळेत पोरं बसतात तशी.

आण्णांनी तांब्या वर धरला, धार तोंडात धरली आणि थांबले. गिळलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

तांब्या जीपमधून समुद्राचं पाणी घेऊन आला होता आणि तो विसळायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे सहा वर्षांनी लेकीच्या घरी प्यायलेला पहिला घोट हा मिठाचा. मला माझ्या वडिलांचा बिनसाखरेचा चहा आठवला. दीपमालाने जीभ चावली, तांब्या परत घेतला, आमसुलाने आतून-बाहेरून घासला आणि जारच्या पाण्याने खळखळून विसळला. जारचा तेवढा उपयोग झाला. मग पुन्हा विहिरीचं पाणी भरून आणलं. आण्णांनी अख्खा तांब्या खाली न ठेवता संपवला. "आनिक," म्हणाले. दुसराही संपवला.

मग ते जेवले. भात, माशाचं सार, दोन तळलेल्या तुकड्या. काटे कसे काढायचे ते सुदेशने दाखवलं आणि आण्णांनी, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचं तरी मुकाट्याने ऐकलं.

तीनला ट्रॅक्टरने जीप ओढून काढली. ती सुरू होणार नव्हतीच. राजापूरहून मेकॅनिक उद्या येणार होता. मालवण राहिलं. मी एकदा तसं म्हणूनही पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी आण्णांनी सुदेशकडून खिळा आणि बारकी हातोडी मागून घेतली. तांब्या दोन पायांत धरला आणि मोकळ्या जागेत ठिपके मारायला लागले. फौजेत पेट्यांवर नावं घातलेला हात, अजून स्थिर होता. दीपमाला शेजारी कंदिलासारखी मोबाईलची बॅटरी धरून बसली होती. 'दी' झाला, 'प' झाला, 'मा' झाला आणि जागा संपली. शेवटचा 'ला' त्यांना जरा खाली, 'आजोबा' या शब्दाच्या डोक्यावर बसवावा लागला.

"जागा कमी सोडली हुती," आण्णा म्हणाले. तांब्या उजेडात धरून त्यांनी नाव एकदा अंगठ्याने पुसलं. "बारक्या पोराचं नाव बारकंच असंल, असं वाटलं हुतं."

आणि त्यांनी तांब्या तिच्यापुढे केला. पाण्यासाठी.